इथंच खायचं

इझाबेल टीचरांची आणि माझी ओळख एका चोरीतून झाली. चोरी मी केली होती आणि ती चोरी आहे याचा मला पत्ताच नव्हता. त्यांनी मला चर्चच्या फाटकात गाठलं तेव्हा माल माझ्या खिशात होता, स्वच्छ रुमालात नीट घडी घालून ठेवलेला.

त्याचं असं झालं. मी सांगलीचा. नोकरी मद्रासजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणी विभागात. दिवसभर हातात गेज घेऊन हे पास, ते रिजेक्ट, एवढंच माझं काम. लग्न दोनदा जमता जमता राहिलं, मग मीही नाद सोडला. वडील गेल्यावर आईला मैलापूरच्या माझ्या दोन खोल्यांत घेऊन आलो. तिला तमिळ ओ की ठो कळत नव्हतं. शेजारणी भल्या होत्या, पण हसून हसून किती वेळ हसणार? महिन्याभरात आई गप्प झाली, मग तापानं पडली. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. तीन दिवस तिनं ताकापलीकडे काही घेतलं नव्हतं.

त्या रविवारी आमच्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या चर्चमध्ये माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं पहिलं कम्युनियन, म्हणजे त्यांच्यातला मुलांचा एक समारंभ, होता. मी निघालो तेव्हा आई पडल्या पडल्या म्हणाली, "देवळात चाललाच आहेस तर प्रसाद घेऊन ये. तेवढा खाईन मी."

चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर बसलो. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. मग रांग लागली. रांग दिसली की आपला माणूस उभा राहतोच. पुढे फादर एकेकाच्या हातावर काहीतरी ठेवत होते. माझा नंबर आला. मी आईनं लहानपणी शिकवल्याप्रमाणे डाव्या हातावर उजवा हात ठेवून ओंजळ पुढे केली. फादर तमिळमध्ये दोन शब्द बोलले, मी "थँक्यू फादर" म्हणालो, आणि हातावर नाण्याएवढी, कागदासारखी पातळ पांढरी चकती आली. ती मी कपाळाला लावली, रुमालात गुंडाळली आणि घाईनं बाहेर पडलो. आई वाट बघत असणार.

"तंबी!" मागून हाक आली.

वळून बघतो तर साठीतली एक ठेंगणी बाई. अंगावर ठिपक्याठिपक्यांची सुती साडी, हातात छत्री, मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला. छत्रीचं टोक माझ्या खिशाकडे रोखून तमिळमध्ये म्हणाली, "खिशात काय आहे?"

"च्यायला, आता ही कोण?" मी पुटपुटलो. माझ्या मराठीला मैलापुरात कोण धरणार, असा माझा समज.

"मी इझाबेल. वसईची," बाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "शिव्या फाटकाबाहेर द्यायच्या. खिशात काय आहे?"

"प्रसाद. आईसाठी."

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण नाही. माझं कोपर धरून त्यांनी मला चर्चच्या मागच्या खोलीत नेलं. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपवून फादर नुकतेच आले होते. त्यांनी रुमालातली चकती उचलली आणि तिथंच, माझ्यादेखत खाल्ली. मग टीचरांनी रुमाल एका वाडग्यात तीनदा धुतला, आणि ते पाणी मोरीत न ओतता बाहेर तगरीच्या मुळाशी घातलं. मी बघतच राहिलो. आमच्या कारखान्यात एवढ्या काळजीनं कोणी कशाला हात लावत नाही.

"ही ओस्ती," त्या म्हणाल्या. "वेदीवर जायच्या आधी ती पीठ आणि पाणी असते. फादरनी ठरलेले शब्द उच्चारले की आमच्यासाठी तो ख्रिस्त असतो, जिवंत. म्हणून ती न्यायची नसते, ठेवायची नसते. देणाऱ्याच्या समोर, इथंच खायची."

"पण प्रसाद तर घरच्यांसाठी नेतातच की."

"प्रसाद नेतात. हा प्रसाद नव्हे."

"मग आजारी माणसानं काय करायचं?"

"आजाऱ्याच्या घरी जाते ना. पण नेमलेला माणूस घेऊन जातो. डबीत, छातीशी धरून, वाटेत कुणाशी न बोलता. आणि तो आजारी आमच्या पंगतीतला असावा लागतो. तुझ्या आईनं मागितला प्रसाद, आणि तू तिला न सांगता भलतंच भरवणार होतास. बरं दिसलं असतं का ते?" मग पिळलेला रुमाल झटकत त्यांनी विचारलं, "आईला काय आवडतं?"

"केळं."

त्यांनी पिशवीतून एक पूवन केळं काढलं, माझ्याच ओल्या रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "हे ने. सांग, इझाबेलनं दिलंय. आणि संध्याकाळी ती घरी येणार आहे म्हणावं."

त्या खरंच आल्या. आईच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या, आणि गेल्या महिन्याभरात घरात झालं नव्हतं तेवढं मराठी तासाभरात झालं. वसईच्या बागा, सांगलीची वांगी, मद्रासचा उन्हाळा. बोलता बोलता त्यांनी मला भात-आमटी वाढायला लावली, दोन ताटं. "एकटीनं जेवलेलं अंगी लागत नाही, आई. मी बसते तुमच्याबरोबर." आई जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडलो, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही.

त्यानंतर दर रविवारी हाच क्रम. मिस्सेनंतर टीचरांचा वर्ग, वर्गानंतर मी त्यांना घरी घेऊन यायचं, त्या आईबरोबर जेवायच्या, आणि येताना न चुकता एक केळं, माझ्या रुमालात. आई सात वर्षं जगली ती या रविवारांच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे.

हे आज लिहायचं कारण असं, की गेल्या वर्षी टीचरांच्या घशानं दगा दिला. मेंदूत रक्ताची गाठ झाली, बाकी शरीर सावरलं, पण गिळण्याची क्रिया गेली. नाकातून नळी बसली. तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. ज्या बाईनं पंचवीस वर्षं नव्या माणसांना 'खायचं' एवढंच शिकवलं, तिलाच खाता येईना. पुढचं सगळं त्यावरून घडलं, पण आधी तो वर्ग सांगायला हवा. तो सांगितल्याशिवाय टीचर कळायच्या नाहीत.

लग्न होऊन त्या मद्रासला आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. यजमान आरोक्यसामी बंदरात कारकून. टीचरांनी जॉर्ज टाउनमधल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. चर्चमध्ये येऊ पाहणाऱ्या नव्या माणसांना त्या शिकवू लागल्या ते नोकरीत असतानाच. असं शिकवणाऱ्याला इथं उपदेशियार म्हणतात. टीचरांना तो शब्द आवडत नसे. "उपदेश कसला? मी वाढपी," म्हणायच्या.

वर्ग चर्चमागच्या खोलीत भरायचा. एक फळा, तीन बाकं, एक पंखा. विद्यार्थी कधी चार, कधी नऊ. मी शेवटच्या बाकावर, टीचरांची वाट बघत. वर्ग तमिळमध्ये चाले, आणि माझं तमिळ जे काही सुधारलं ते तिथं. त्यांनी मला ख्रिस्ती होण्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. दोनेक वर्षांनी मीच विचारलं, "टीचर, मला कधी विचारलं नाहीत तुम्ही?"

"तू जेवायला आलेला नाहीस," त्या फळा पुसत म्हणाल्या. "तू मला न्यायला आलायस. सरी, छत्री घे." सरी म्हणजे बरं, एवढं तमिळ मला तोवर आलं होतं.

पहिल्या दिवशी त्या पुस्तक उघडतच नसत. विचारत, "घरी पाहुणा आला की काय करता?" कोणी म्हणे या म्हणतो, कोणी म्हणे पाणी देतो, गप्पा मारतो, मग वाढतो. "मग मिस्सा तुम्हाला येतेच की. आधी या म्हणतात. मग बसवून बोलतात, ती वाचनं. मग वाढतात. पाहुणा गप्पा मारून जेवायच्या वेळी उठून गेला तर घरच्या बाईला काय वाटेल? तसं येशूला वाटतं."

मग फळ्यावर चार शब्द: घेतली, आभार मानले, मोडली, दिली. "मरणाच्या आदल्या संध्याकाळी तो मित्रांबरोबर जेवायला बसला आणि त्यानं भाकरीचं हे केलं. ही भाकरी म्हणजे मी, असं सांगून केलं. आणि माझ्या आठवणीसाठी तुम्हीही असंच करत राहा म्हणाला. दर मिस्सेत फादर हेच चार करतात. बघा बरोबर करतात का." मग खडू टेबलावर ठेवून, "पाचवं फळ्यावर नाही. पाचवं तुम्ही करायचं. खाल्लं."

त्यांची एक पद्धत मला फार आवडे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ओस्त्या भाजत, आणि गोल चकत्या कापून उरलेलं कातरण टीचर पिशवी भरून आणत. सगळ्यांनी ते कुरकुर खायचं, मीसुद्धा. "चव लक्षात ठेवा," त्या म्हणत. "वेदीवरून येईल तेव्हाही चव हीच असेल. दिसायलाही हीच. कोणी तुम्हाला सांगितलं की चव बदलते, तर तो थापा मारतोय. बदलतं ते जिभेला कळत नाही." आणि कोणी फार खोदून विचारलं तर, "मी तीस वर्षं गणित शिकवलंय. सिद्ध करता येतं ते काय असतं, मला ठाऊक आहे. हे सिद्ध करता येत नाही. यावर विश्वास ठेवायचा असतो, आणि मी ठेवते. पुढचा प्रश्न." त्यांच्या आवाजात इतकी खात्री असे की पुढचा प्रश्न यायला वेळ लागे.

'कळलं का' असं त्यांनी कधी विचारलं नाही. "काय कळलं?" असं विचारत. मान हलवलेली त्यांना बिलकूल चालत नसे. ओस्ती देताना फादर 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणतात, त्यावर 'आमेन' म्हणायचं असतं, म्हणजे हो, आहे. नवी माणसं लाजून नुसती मान हलवत. टीचर कानामागे हात धरून उभ्या राहत. "ऐकू आलं नाही. एवढी मोठी गोष्ट कोणी हातावर ठेवतंय, आणि तुम्ही बैलासारखी मान हलवता? तोंडानं म्हणा."

आणखी एक अडचण होती, ती इथल्याच माणसांना यावी अशी. ओस्ती हातावर घ्यायची तर डावा हात वर धरायचा, म्हणजे उजव्या हातानं उचलून खाता येते. आता डाव्या हातावर देवाचं काही घ्यायचं म्हटलं की आपल्या माणसाचं अंगच आखडतं. मी उजवा हात वर धरला होता, त्यावरूनच टीचरांनी मला तिसऱ्या बाकावरून हेरलं होतं. नवी माणसं हात पुढे करत आणि शेवटच्या क्षणी पालटत. फादर वैतागत. टीचर मात्र त्यांना एका वाक्यात मोकळं करत. "हात नको वाटतो? वेंडाम, नको तर नको. तोंड उघडा, जीभ पुढे करा, जिभेवर घ्या. तेही चालतं. घरी शिकलेलं सोडून या असं कोणी म्हटलेलं नाही."

कार्तिक त्यांना भेटला तो माझ्यामुळे. माझ्याच विभागातला, पंचविशीतला इंजिनियर. एका ख्रिस्ती मुलीशी लग्न ठरलं होतं आणि महिनाभरात चर्चचं सगळं उरकून टाकायचं म्हणून मला घेऊन टीचरांकडे आला. हातात डायरी, कुठल्या तारखेला काय ते लिहून घ्यायला.

टीचरांनी डायरी मिटून त्याच्या हातात दिली. "लग्नासाठी आलायस ना? मग लग्न कर. चर्च तुमचं लग्न असंही लावून देईल, तू आहेस तसा राहून. पण जेवायला बसायचं तर भूक लागल्यावर ये. आणि आईवडिलांना सांगून ये, चोरून नको."

कार्तिक रागावून गेला. लग्न केलं, गोडधोड वाटलं, आणि आठ महिन्यांनी एका रविवारी एकटाच येऊन शेवटच्या बाकावर माझ्या शेजारी बसला. पुढं दोन वर्षं तो येत राहिला. प्रश्न विचारून विचारून त्यानं टीचरांना घाम फोडला, आणि टीचरांना असे विद्यार्थी फार आवडत.

"टीचर, एक ओस्ती मोडून दोघांना दिली तर प्रत्येकाला अर्धा ख्रिस्त मिळतो का?"

मी मनात म्हटलं, आता गणिताच्या बाई सापडल्या. टीचरांनी फळ्यावर लिहिलं: १/२ = १. खाली लिहिलं: १/१०० = १. "शाळेत असं लिहिलंत तर मी भोपळा देईन. इथं हेच बरोबर. कणात पूर्ण, तुकड्यात पूर्ण. म्हणून हे मी गणिताच्या तासाला शिकवत नाही."

दुसऱ्या एका रविवारी त्यानं खाली बघत विचारलं, "आणि घेतल्यावर मला काहीच वाटलं नाही तर?"

"रोज भात खाताना काय वाटतं तुला?"

"काही नाही."

"तरी पोट भरतं ना? मग."

ईस्टरला कार्तिकचा बाप्तिस्मा झाला, पहिलं कम्युनियन झालं. त्यानं जिभेवर घेतलं. त्याचं 'आमेन' मला शेवटच्या बाकावर ऐकू आलं आणि तिसऱ्या बाकावर टीचरांनी कानामागचा हात खाली घेतला.

तोवर आमच्या घरी आईचं आणि टीचरांचं सख्य वेगळ्याच वळणावर गेलं होतं. आईनं सत्यनारायण केला आणि शिऱ्याची वाटी टीचरांपुढे ठेवली. टीचरांनी वाटी हातात घेतली नाही. "आई, रागावू नका. देवाला दाखवलेलं मी खात नाही. माझी पंगत वेगळी आहे. तुमच्या हातचा नुसता शिरा असेल तर दोन वाट्या खाईन."

आता आई काय म्हणते? नैवेद्याआधी शिरा काढून ठेवायचा हे तर तिच्या स्वप्नातही येणार नाही. आई उठली, दुसरं पातेलं चढवलं आणि नवा शिरा भाजायला घेतला. पुढं दर पूजेला घरात दोन पातेल्यांत दोन शिरे व्हायचे. मी एकदा चेष्टा केली तर मलाच फटकारलं. "तिचं सोवळं आहे, आपलंही आहे. दोघींनी आपापलं पाळलं तर पोटात काय दुखतं तुझ्या?" मला वाटतं, टीचर जे फळ्यावर शिकवायच्या त्यातलं बरंचसं आईला न शिकवताच कळत होतं.

आई गेली तेव्हा टीचर सकाळपासून रात्रीपर्यंत माझ्या घरात बसून होत्या. चौदाव्या दिवशी आल्या आणि मला जेवायला बसवलं. पुढच्या रविवारपासून केळं बंद झालं. रुमाल खिशात तसाच घडी केलेला राही.

मग गेल्या वर्षीचं ते आजारपण. मुलगा जोसेफ त्यांना स्वतःजवळच ठेवून होता. भला माणूस, पण भित्रा. नळी बघून तोच अर्धा झाला होता. टीचरांचा आवाज घोगरा होऊन जवळजवळ गेला होता, म्हणून मी त्यांना पाटी आणून दिली. पाटी आणि खडू हातात येताच त्या पुन्हा टीचर झाल्या. नर्सनं औषधाची वेळ चुकवली तर पाटीवर लाल खडूनं फुली यायची.

एव्हाना कार्तिकला आजाऱ्यांकडे कम्युनियन घेऊन जायला नेमलेलं होतं. रविवारी मिस्सेनंतर तो चार घरी जायचा. टीचरांकडेही यायचा, पण रिकाम्या हातांनी, नुसती प्रार्थना करून जायचा. दुसरं करणार काय? फादर येऊन समजूत घालून गेले, की गिळता येत नसेल तर मनातल्या मनात घेतलेलंही देवाला पोचतं, तो काही घशात अडकून पडत नाही. टीचरांनी पाटीवर लिहिलं, "खरं आहे. मीच शिकवलंय." पुसलं. मग लिहिलं, "पण भूक लागते."

फादर गेल्यावर जोसेफ माझ्याजवळ कळवळून म्हणाला, "सार, तुम्ही तरी सांगा अम्माला. फुफ्फुसात गेलं तर जाईल ती. मी कसं हो म्हणू?" मी टीचरांना काय सांगणार? आयुष्यभर पास-रिजेक्ट ठरवलेल्या माणसाला तिथं काही ठरवता येईना.

ठरवलं टीचरांनीच. डॉक्टर तपासायला आले तेव्हा त्यांनी पाटी पुढे धरली. लिहिलं होतं: १/१०० = १. डॉक्टर गोंधळले. मग मी तो सगळा वर्ग त्यांना उभ्या उभ्या सांगितला, फळ्यापासून कातरणापर्यंत. ते हसले, मग म्हणाले, "रव्याच्या दाण्याएवढा कण. चमचाभर घट्ट केलेल्या पाण्यात. त्या ताठ बसलेल्या, आणि मी समोर. धोका आहेच, तो मी नाही म्हणणार नाही." ते जोसेफकडे वळले. जोसेफ आईकडे बघत होता. टीचरांनी पाटी खाली ठेवून त्याचा हात धरला आणि धरूनच ठेवला. शेवटी तो म्हणाला, "सरी, अम्मा."

त्या रविवारी मी कार्तिकच्या मागे मागे चर्चमधून निघालो. ज्या फाटकात मला टीचरांनी पकडलं होतं त्याच फाटकातून तो छातीशी डबी धरून चालला होता. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यानं "काय कार्तिक!" म्हणून हाक मारली, त्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. त्याच्या डबीतली चीज आणि तेव्हाची माझ्या खिशातली चीज एकच. पण त्याला पाठवलं होतं, आणि मी नुसता घेऊन पळालो होतो. एवढ्या वर्षांनी मला त्यातला फरक त्याच्या पाठीकडे बघून कळला.

टीचर खुर्चीत ताठ बसल्या होत्या. ठिपक्यांची साडी, घड्याळ मनगटाच्या आत. टेबलावर पांढरा कपडा, एक मेणबत्ती. डॉक्टर एका बाजूला, नर्स दुसऱ्या बाजूला. जोसेफ दाराबाहेर भिंतीला टेकून उभा. कार्तिकनं डबी उघडली, ओस्ती मोडली आणि नखानं एक कण वेगळा केला. टीचरांनी पाटी उचलली. "मोठा आहे."

डॉक्टरांना हसू आलं. कार्तिकनं त्या कणाचा आणखी लहान कण केला. माझ्या अंदाजानं तो अर्ध्या मिलिमीटरच्या आत होता. आमच्या कारखान्यात एवढ्यासाठी भिंग लागतं. तो त्यानं चमच्यात घेतला आणि म्हणाला, "ख्रिस्ताचं शरीर."

पाटी टीचरांच्या मांडीवरच होती. त्यांनी तिला हात लावला नाही. मान हलवली नाही. तोंड उघडलं, दोनदा नुसता वारा आला, आणि तिसऱ्यांदा खोलीतल्या सगळ्यांना, दाराबाहेर जोसेफलासुद्धा ऐकू गेलं. "आमेन."

मग चमचा. मग त्यांचा गळा. आम्ही चार माणसं एका म्हाताऱ्या गळ्याकडे बघत होतो. तो वर गेला, थांबला, आणि खाली आला. ठसका लागला नाही. डॉक्टरांनी छातीला यंत्र लावलं, ऐकलं, आणि अंगठा वर केला. बाहेर जोसेफचा हुंदका फुटला. कार्तिकनं उरलेली ओस्ती स्वतः घेतली, चमचा आणि डबी पाण्यानं धुतली, ते पाणीही प्यायला. टीचर डोळे मिटून बसल्या होत्या. उपाशी माणूस जेवल्यावर दिसतो तशा दिसत होत्या, आणि मला फार, फार आनंद झाला.

सगळे बाहेर गेले. मीही निघालो, तेव्हा त्यांनी टेबलाकडे बोट केलं. भेटायला येणाऱ्यांसाठी जोसेफनं तिथं पूवन केळ्यांची फणी ठेवली होती. मला उमजलं. पाच वर्षांनी मी खिशातून रुमाल काढला, टेबलावर पसरला आणि एक केळं त्यावर ठेवून नेहमीसारखी गाठ मारायला लागलो.

पाटीवर खडू वाजला. त्यांनी लिहिलं होतं, "नेऊ नको." खाली, "आई नाही आता." ते पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तू खा. इथंच."

पुढच्या गुरुवारी टीचर गेल्या. त्या रविवारनंतर त्यांना मी पुन्हा जिवंत पाहिलं नाही, म्हणून मला त्या आठवतात त्या अशाच. नळी लावलेल्या, स्वतःला पाण्याचा घोटही घेता येत नाही अशा, माझ्यासमोर बसून मी केळं सोलतो कसं ते बघणाऱ्या. मी पहिला घास घेतला. तो जाईना. दुसरा घेतला. रडत रडत मी ते केळं संपवलं आणि साल टेबलावर ठेवली.

टीचरांनी हात कानामागे धरला.

मी मान हलवणार होतो. पण त्यांना ते चाललं नसतं.

"खाल्लं, टीचर," मी म्हणालो.